१०० एमएम मॅक्रो लेन्स, सात महिने आणि तो एक स्विच

लिहायला बसलेय कारण काल लेन्स सर्व्हिस सेंटरमधून परत आली आणि सोबतच्या कागदावर लिहिलंय, 'दोष आढळला नाही'. तीन आठवडे ठेवून घेतली आणि दोष आढळला नाही! वर साफसफाईचे पैसे लावले, ती करा असं मी सांगितलंच नव्हतं.

लेन्स सेकंडहँड आहे, मॅक्रो म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्टींचे फोटो काढायची, शार्पनेसबद्दल तक्रार शून्य. घेतली ती बागेतल्या मधमाश्यांसाठी. पोळ्यातल्या नव्हेत, एकट्या फिरणाऱ्या, म्हणजे निळ्या पट्ट्यांची माशी, पानं गोल कापून नेणारी आणि काळा भुंगा. हॉलची भिंत रिकामी होती, विकतचा सूर्यास्त टांगण्यापेक्षा आपलेच फोटो छापू, स्वस्तात होईल असं वाटलं. स्वस्तात, हं.

आता स्विच. लेन्सच्या अंगावर फोकस लिमिटरचा, म्हणजे लेन्सने किती अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणारा स्विच आहे, त्याला फुल, जवळचं आणि '०.५ मीटर ते अनंत' असे तीन टप्पे. तो इतका सैल आहे की बॅगेतून लेन्स काढताना कापड घासलं तरी सरकतो. निळ्या पट्ट्यांच्या माश्यांमधले नर रात्री एखाद्या वाळक्या काडीला जबड्याने धरून ओळीत झोपतात, ऊन लागेपर्यंत हलत नाहीत, म्हणजे पोझ देणारं मॉडेल, तेही फुकट. तसे पाच सापडले एका पहाटे. मी गुडघ्यावर बसले, बटण दाबलं तर लेन्स नुसती गुरगुरतेय, फोकस लागेच ना. बंद केली, चालू केली, बॅटरी काढून घातली, तोवर ऊन आलं आणि एकेक करत पाचही गेले. मोटर गेली असं समजून मी ती सर्व्हिसला टाकली.

काल भांडायला फोन केला तर तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, लिमिटर बघितला होता का? आमच्याकडे आली तेव्हा दूरवर होता." म्हणजे अर्ध्या मीटरच्या आतल्या माशीवर फोकस लागणारच नव्हता. मग म्हणे, "स्विच चालतोय ना?" चालतोय हो, न विचारता चालतोय, तेच तर म्हणतेय मी! पण नाही, सरकणारा स्विच हा त्यांच्या लेखी दोष नाही.

खरं सांगायचं तर या लेन्सला दोन स्टार द्यायचे ठरवलं होतं. पण ती तिकडे पडून होती तेव्हा जुन्या ५० एमएमला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे लावायच्या पोकळ नळ्या, त्याने जवळून फोकस होतो) लावून बघितल्या, आणि तेव्हा कळलं की माशीच्या फोटोला ऑटोफोकसची गरजच नाही. रिंग एका जागी ठेवायची, आपणच श्वास धरून पुढेमागे डुलायचं आणि डोळा शार्प दिसला की क्लिक. वन इज टू वनला, म्हणजे माशी सेन्सरवर खऱ्या आकारात उमटते तेव्हा, एफ ११ वर (लेन्सचं भोक बरंच बारीक करून) सुद्धा जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटर फोकसमध्ये असतं, त्यामुळे वीसातले अठरा फोटो फुकट जातात, त्याला इलाज नाही. पण ५० एमएम घेऊन इतकं जवळ जावं लागतं की आपलीच सावली पडते आणि माशी उडते. १०० एमएमला मधे बऱ्यापैकी जागा राहते, तिचे पैसे आहेत हे तेव्हा पटलं. म्हणून चार स्टार. पाचवा स्विचने खाल्ला.

भुंग्याबद्दल एक, त्याचं अंग चकचकीत काळं, उघडा फ्लॅश मारला की पाठीवर पांढरा डाग येतो. मी ट्रेसिंग पेपर वाकवून फ्लॅशपुढे चिकटवलाय, दिसतो भंगार पण काम चोख.

छपाईत मात्र धडे मिळाले. पहिला कॅनव्हास आला त्यात माशीची एक मिशी फ्रेमच्या कडेला दुमडून मागे गेलेली! कॅनव्हास लाकडावर ओढताना चारही बाजूंनी दीड-दोन इंच आत जातो हे माहीतच नव्हतं, आता फुलाभोवती मोकळी जागा सोडूनच काढते. २४ मेगापिक्सेलचा फोटो अर्ध्या रुंदीला कापला तर ३००० पिक्सेल उरतात, म्हणजे ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) फक्त १० इंच, पण कॅनव्हासच्या पोतावर १५० सुद्धा चालतं, २० इंच आरामात निघतो. निळे पट्टे मात्र स्क्रीनवर चमकतात आणि छापल्यावर जांभळट राखाडी होतात, तेवढी चमक शाईला जमत नाही. आधी छोटी टेस्ट प्रिंट काढा, मी काढली नव्हती.

उशीच्या अभ्र्यावर क्लोजअप छापू नका. कापडाच्या विणीत अंगावरची लव गायब होते, आत्या आल्या आल्या म्हणाली, "उशीवर माशी बसलीय गं" आणि हाताने झटकली. तिथे मोठं सूर्यफूल आणि कोपऱ्यात छोटी माशी हेच छान दिसतं.

स्विचवर आता काळी टेप लावलीय. उन्हाने तिची कड सुटायला लागलीय. मॅन्युअल फोकसवरच काढते त्यामुळे स्विच कुठे आहे याने फरक पडत नाही, तरी उद्या नवी लावणार.