साडेसहा किलोची बॅटरी

निवृत्तीनंतर मी एक जुनी कॅम्परव्हॅन विकत घेतली. प्रवासी टेम्पोच्या सांगाड्यावर झोपण्याची, स्वयंपाकाची आणि पाण्याच्या टाकीची सोय केलेली ही गाडी मुलुंडला आमच्या सोसायटीत मावत नसल्यामुळे पैसे भरून बाहेर उभी करावी लागते. गेल्या मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी सगळी डागडुजी उरकावी म्हणून, मी ती कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये दिली. त्याचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

कामे तीन होती: छतावरच्या झरोक्याभोवतीची गळती, घरगुती वापराची बॅटरी आणि मागचे दोन टायर. एकूण 86 हजार रुपये ठरले. "साहेब, पक्के बिल केले तर 18 टक्के जीएसटी वर लागेल, तुमचेच नुकसान," असे मालकाने सुचवले आणि मी ते मान्य केले. माझ्या फसवणुकीत माझा स्वतःचा वाटा एवढा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

जूनमधल्या पहिल्याच जोरदार सरीत पलंगाच्या उशाशी पाणी आले. अशा गाडीत पाणी शिरते एकीकडे आणि छताच्या पत्र्याखालून वाहत जाऊन दिसते भलतीकडेच, त्यामुळे प्रथम मी खिडकीलाच दोष दिला. शेवटी वर चढून पाहिले, तेव्हा लक्षात आले की झरोका काढून जुना थर खरवडण्याऐवजी त्याच मळकट थरावर नवे सिलिकॉन फासले होते. जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन धरत नाही, ते बोटाने सालीसारखे निघून आले. आतला कुजलेला प्लायवूडही बदललेला नव्हता. भुसभुशीत झालेल्या फळीवर नवा सनमायका चिकटवला होता आणि "नवीन प्लाय" म्हणून मी त्याचेच पैसे मोजले होते.

बॅटरीचा प्रकार मात्र अधिक सफाईने केलेला होता. 100 अँपिअर-अवरची, म्हणजे एक अँपिअरचा प्रवाह 100 तास पुरवेल अशी, लिथियम बॅटरी म्हणून दिलेल्या त्या निळ्या पेटीवर तसा छापील कागद होता आणि मीटरवर व्होल्टेजही ठीक दिसत होते. परंतु लिथियम बॅटरीचे व्होल्टेज बराच काळ जवळजवळ स्थिर राहत असल्यामुळे त्यावरून क्षमता मुळीच कळत नाही, आणि विकणारा नेमके तेच दाखवतो. माझा भाचा म्हणाला, "मामा, बॅटरी पूर्ण चार्ज करून हेडलाइटचा 55 वॉटचा बल्ब लावून ठेवू." असा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर घेतो, म्हणजे तो 20 तासांहून अधिक चालायला हवा होता. साडेसहा तासांनी तो मंद न होता एकदम विझला. हिशेब जेमतेम 30 अँपिअर-अवरचा निघाला.

मग भंगारवाल्याच्या काट्यावर पेटी ठेवली. 100 अँपिअर-अवरची बॅटरी साधारण 11 ते 13 किलोची असते, ही साडेसहा किलो भरली. भाच्याने पेटी उघडली, तेव्हा आत क्यूआर कोड खरवडलेले जुने लहान सेल आणि उरलेल्या जागेत थर्माकोल होते. उघडण्यापूर्वी आणि नंतर छायाचित्रे काढून ठेवली, हे सुदैव. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे 1119 होते, म्हणजे 2019 च्या अकराव्या आठवड्यात तयार झालेला माल "कोरा" म्हणून माझ्या गळ्यात मारला होता.

मालकाने प्रथम "पावसात वापरलीत म्हणून झाले" असे सांगितले, आणि नंतर फोन उचलणेच बंद केले. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करूनही उपयोग झाला नाही, म्हणून वांद्र्याच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. पक्के बिल नसल्यामुळे वकिलांनी प्रथम नाक मुरडले, पण निम्मी रक्कम मी यूपीआयने दिली होती आणि "नवी लिथियम टाकली आहे" हा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश मी पुसलेला नव्हता. तक्रारीसोबत हे दोन्ही पुरावे, उघड्या पेटीची छायाचित्रे आणि भंगारवाल्याने वजन लिहून दिलेली चिठ्ठी जोडली आहे.

छताचे काम आता दुसऱ्या कारागिराने केले. फळी बसवण्यापूर्वी त्याने मला आत उभे करून वरून अर्धा तास पाइपने पाणी सोडले, आणि जुनी कुजकी फळी मागताच माझ्या हातात दिली.