शांत घोडी म्हणून ६८,००० मोजले आणि गुंगीतलं जनावर दारात आणलं

घोडी घेऊन आज एक महिना नऊ दिवस झाले. इतके दिवस लाजेनं गप्प होतो. माझे आजोबा संस्थानच्या पागेत मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारे होते, त्यांचा खरारा, घोड्याचं अंग घासायचा ब्रश, अजून आमच्या सोप्यात खुंटीला आहे. आणि त्यांचा नातू मी, भरदिवसा लुबाडला गेलो. पाहुण्यारावळ्यांत अजून कुणाला खरा आकडा सांगितलेला नाही. ६८,००० रुपये.

लेक अकरा वर्षांची आहे. कोल्हापुरात रंकाळा तळ्यावर घोड्याच्या फेरीला बसायला लागल्यापासून तिला त्याचाच ध्यास. फुलेवाडीच्या पुढं आमचं थोडं रान आहे, गोठा आहे, कडबा घरचा. दिवाळीत अकलूजच्या बाजाराला जाऊन बघू, असं मी म्हणत होतो. तेवढ्यात ओळखीतल्या एकानं निरोप आणला, गावातच एक बुटकी घोडी विकायची आहे, सहा वर्षांची, मालकाला घरच्या लग्नासाठी पैसे पाहिजेत. ही लग्नाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मलाही माहीत होती. पण ओळखीचा माणूस मध्ये होता, म्हणून मी विश्वास ठेवला. त्या माणसानं २,००० दलाली घेतली, हे मला नंतर कळलं.

सकाळी नऊला रंकाळ्याच्या मागच्या बाजूला मोकळ्या जागेत बोलावलं. आम्ही पोचलो तेव्हा घोडीवर खोगीर आधीच चढवलेलं होतं. "काका, लेकराला बिनधास्त बसवा, कान हलवणार नाही ती," असं घोडीचा मालक म्हणाला. आणि खरंच तिनं कान हलवले नाहीत. डोळ्याच्या कोपऱ्यात तीन माश्या बसल्या होत्या, तरी पापणी मिटली नाही. खालचा ओठ सैल लोंबत होता. मागनं वाळूचा ट्रक कर्कश हॉर्न वाजवत गेला, मी दचकलो, घोडी जागची हलली नाही. जिवंत घोडं असं असतं का? आवाजाच्या दिशेला त्याचा कान आधी वळतो, मान नंतर. लहानपणापासून घरात ऐकलेली गोष्ट ही. तिथं उभं राहून मी बायकोला काय म्हणालो? "बघ किती गरीब आहे." त्या माश्या अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

दात बघायला हात पुढं केला तर त्यानं हात धरला. लगामानं तोंडात जखम झालीय, आता चाळवू नका, दोन दिवसांनी बघा. मी ऐकलं. लेक तोवर खोगिरावर बसली होती, तिचा चेहरा बघून माझं तोंड बंद झालं. बाप असणाऱ्यांना हे कळेल. ५,००० विसार आदल्या दिवशी दिला होता, उरलेल्यातले ४०,००० रोख आणि २३,००० फोनवरून पाठवले. पावती मागितली तर म्हणाला, जनावराच्या व्यवहारात शब्द असतो. टेम्पोचे ३,५०० वेगळे, खोगीर-लगामाचे ७,२०० वेगळे.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात धडधड सुरू झाली. गव्हाणीची फळी तिनं दुगाण्या झाडून फोडली होती. जवळ गेलं की कान पाठीमागं चिकटवायची, डोळ्याचं पांढरं दिसायचं. दुपारी एकदम शांत, हातातून गाजर घेतलं, म्हणून चौथ्या दिवशी लेकीला बसवलं. पट्टा आवळताच ती वळून चावायला आली आणि पुढच्या क्षणी मागच्या पायांवर उभी राहिली. लेक पडली, मनगट मोडलं. प्लास्टर आणि औषधं मिळून ९,४००. ही चूक माझी, ती कुणावर ढकलत नाही. लहरी जनावरावर पोर बसवायचं नसतं. आधी महिनाभर ते फक्त हातानं फिरवायचं, रोज एकाच वेळी, एकाच माणसानं.

जनावरांचे डॉक्टर घरी आणले, १,५०० घेतले. त्यांनी पाचच मिनिटांत सांगितलं. वरच्या कडेच्या दातावर जी उभी खाच असते ती दहाव्या वर्षाच्या सुमारास दिसायला लागते आणि पंधराव्यापर्यंत अर्ध्यावर येते. हिची अर्ध्याच्याही खाली गेलेली. म्हणजे सहा वर्षांची कसली, पंधरा ओलांडलेली. दाढांना धार येऊन गाल आतून कापलेले. खोगिराखाली जुने फोड, वर केस वाढलेले. पट्टा आवळला की तिला कळ येत होती, मग ती चावणार नाही तर काय करणार? विकताना तिला गुंगीचं औषध दिलं असणार, असंही ते म्हणाले. लेखी मागितलं तर म्हणाले, चार दिवसांनी रक्तात काय सापडणार?

पोलीस ठाण्यात तीन वेळा गेलो. पहिल्यांदा, साहेब बंदोबस्ताला गेलेत. दुसऱ्यांदा, हा दिवाणी विषय आहे, कोर्टात जा. मी भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम लिहून नेलं होतं, फसवून पैसे घेतल्याचं. कागद न वाचता परत दिला. "घोडं मारकं निघालं तर पोलिसांनी काय करायचं?" मारकं निघालं म्हणून मी आलोच नव्हतो. वय खोटं सांगितलं, जखम लपवली, गुंगी दिली, म्हणून आलो होतो. तिसऱ्यांदा अदखलपात्र नोंद घेतली आणि तिची प्रत द्यायला दीड तास बसवलं. १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन केला, तर हा ऑनलाइन फसवणुकीचा प्रकार नाही म्हणाले. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात म्हणाले, आम्ही औषध देतो, व्यवहारात पडत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याचं दार दाखवतो आणि विकणारा फोन बंद करून मोकळा फिरतो. ८९,००० च्या वर पैसे गेले, लेकीचा हात गळ्यात आहे, आणि माझ्या हातात एक कागद!

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते. दोन वर्षांच्या आत टाकावी लागते, तेवढं ध्यानात ठेवा.

आणि जनावर घेणार असाल तर एकदा बघून झाल्यावर न सांगता पुन्हा बघायला जा, संध्याकाळी जा. खोगीर तुमच्यासमोर चढवायला लावा, आधीच चढवलेलं असेल तर उतरवून पाठीवर हात फिरवा. तोंड उघडू देत नसेल तर विसार परत मागा आणि निघा. डॉक्टर पैसे देण्याआधी न्या, मी नंतर नेला. रोख देऊ नका. साध्या कागदावर का होईना वय, रंग, खुणा लिहून सही घ्या, आधारकार्डाचा फोटो घ्या. ग्लँडर्सच्या तपासणीचा कागद मागा, तो रोग माणसालाही होतो.

घोडी आमच्याकडंच आहे. डॉक्टरांनी दाढा घासून दिल्या, फोडांना मलम चालू आहे, पाठीवर काही ठेवत नाही. काल खरारा करताना तिनं पहिल्यांदा कान पुढं केले. तिला परत त्याच्या हातात देणार नाही, पण पैसे सोडणार नाही. या पावसाळ्यात रंकाळ्याच्या मागं कुणी अशी "गरीब" घोडी घेतली असेल, तर पैसे पाठवल्याचे मेसेज पुसू नका आणि ठाण्यात जाऊन नोंद करा. एकट्याच्या तक्रारीला किंमत नाही, हे मला तिथल्याच हवालदारानं सांगितलं.