टॉप, एचटॉप, बीटॉप, सार की एटॉप: सर्व्हरवर काय ठेवायचं?

मशीनच्या सीपीयू, मेमरी, डिस्कवर किती ताण आहे ते दाखवणारी ही पाच साधनं. यांपैकी कुणाचेही आकडे दुसऱ्याहून जास्त खरे नाहीत. लिनक्सवर ही सगळी साधनं एकाच विहिरीतून पाणी काढतात. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ‘प्रोक’ या फाइल सिस्टिममध्ये आकडे मांडून ठेवतो. ते वाचायचे, थोडं थांबून पुन्हा वाचायचे आणि दोन वाचनांतला फरक टक्क्यांत दाखवायचा, एवढंच मूळ काम. म्हणून ‘जास्त अचूक कोण’ यावर वेळ घालवू नका. निवडताना स्वतःला विचारायचं ते असं: मशीन अडखळेल तेव्हा मी स्क्रीनसमोर असणार आहे का? टॉप, एचटॉप आणि बीटॉप आत्ता काय चाललंय ते दाखवतात. काल रात्री काय झालं ते सांगायला सार किंवा एटॉपच लागतं.

आकड्यांबद्दल शंका असेल तर दोन टर्मिनल शेजारीशेजारी उघडून एकात टॉप आणि दुसऱ्यात एचटॉप लावा. एकाच प्रोसेसपुढे, म्हणजे चालू प्रोग्रॅमपुढे, एकीकडे ६२ टक्के आणि दुसरीकडे ८८ दिसू शकतात. टॉप सहसा दर ३ सेकंदांनी आकडे ताजे करतो, एचटॉप दर दीड सेकंदाने. प्रोसेसचं काम झटक्याझटक्याने होत असेल, तर लहान खिडकीतून झटका मोठा दिसतो. चूक कुणाचीच नाही.

टॉप: सगळीकडे सापडणारा

विल्यम लेफेव्र यांनी १९८४ मध्ये टॉप लिहिला. व्हीएमएस या प्रणालीत सर्वाधिक सीपीयू खाणाऱ्या प्रोसेस दाखवणारी सोय होती, तिच्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. त्या काळी युनिक्सवर हे आकडे मिळवायला थेट कर्नलच्या मेमरीत डोकावावं लागे. त्यासाठी खास परवानगी लागायची, आणि प्रत्येक प्रकारच्या युनिक्सची मांडणी वेगळी असल्याने टॉपमध्ये प्रत्येकासाठी स्वतंत्र भाग लिहिलेला असे. लिनक्सने हेच आकडे प्रोकमध्ये साध्या मजकुरात मांडले आणि असं साधन लिहिणं खूप सोपं झालं. पुढे इतकी भावंडं जन्माला आली, त्यामागे हे मोठं कारण आहे.

नाव एक असलं तरी कोड एक नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. लिनक्सवरचा टॉप प्रॉक्प्स-एनजी या संचातला आहे, फ्रीबीएसडीवरचा लेफेव्र यांच्या मूळ कोडच्या वंशातला आणि मॅकवरचा अ‍ॅपलचा स्वतःचा. लिनक्सवर शिफ्ट धरून एम दाबलं की मेमरीप्रमाणे क्रम लागतो, मॅकवर ती सवय कामाला येत नाही. टॉपचं आउटपुट कापून वापरणारी स्क्रिप्ट एका मशीनवरून दुसऱ्यावर नेली की मोडते, ती याचमुळे. स्क्रिप्टमधून वापरायचाच असेल तर निदान दोन फेऱ्या घ्या आणि दुसरी वाचा. पहिल्या फेरीत तुलनेला मागचं वाचन धड नसतं, त्यामुळे तिच्यातल्या सीपीयूच्या टक्क्यांवर विसंबू नये.

टॉप जुना म्हणून त्याला कमी लेखणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. आजच्या लिनक्स टॉपमध्ये रंग आहेत, गाळणी आहे, शिफ्ट-व्ही दाबलं की प्रोसेसचं झाड दिसतं आणि शिफ्ट-डब्ल्यू दाबलं की तुमची मांडणी जतन होते. एखादी प्रोसेस ४०० टक्के सीपीयू खाताना दिसली तर घाबरू नका, ती चार कोर भरून वापरते आहे. शिफ्ट-आय दाबलं की हाच आकडा सगळ्या कोरांमध्ये भागून दाखवला जातो.

खरी किंमत वरच्या चार-पाच ओळींची आहे आणि नवशिका नेमक्या त्याच सोडून खालची यादी बघत बसतो. सीपीयूच्या ओळीत ‘डब्ल्यूए’ म्हणजे सीपीयू रिकामा आहे, पण डिस्कचं काम व्हायची वाट बघणं चालू आहे. ‘एसटी’ म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या वाट्याचा वेळ खालच्या यजमानाने, म्हणजे ती ज्यावर चालते त्या खऱ्या मशीनने, दुसऱ्या कुणाला दिला. हा आकडा सतत मोठा असेल तर तुमच्या प्रोग्रॅममध्ये कितीही शोधा, हाती काही लागणार नाही. मेमरी बघताना ‘फ्री’वर जाऊ नका, ‘अव्हेलेबल’ बघा. रिकामी मेमरी कर्नल फाइलींच्या कॅशसाठी वापरतो आणि गरज पडली की त्यातली बरीचशी परत देतो. हा अंदाज कर्नल स्वतः देऊ लागला तो ३.१४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून.

लोड अ‍ॅव्हरेजबद्दलही दोन शब्द. १, ५ आणि १५ मिनिटांचे ते तीन आकडे म्हणजे सीपीयूवरचा ताण, असं बहुतेक जण धरून चालतात. लिनक्सवर तसं नाही. १९९३ मध्ये झालेल्या एका बदलापासून लिनक्स त्यात ‘डी’ अवस्थेतल्या, म्हणजे बहुधा डिस्कसाठी अडून बसलेल्या प्रोसेसही मोजतो. लोड ४० आणि सीपीयू ९५ टक्के रिकामा, असं चित्र दिसलं तर आधी स्टोरेज तपासा. नेटवर्कवरची डिस्क गायब झाली की हे हमखास दिसतं.

एचटॉप: हाताशी ठेवायचा

हिशाम मुहम्मद यांनी २००४ मध्ये एचटॉप सुरू केला, नावातला ‘एच’ त्यांचाच. तेव्हाच्या टॉपमध्ये यादी खाली सरकवता येत नसे आणि लांबलचक कमांड पडद्याच्या कडेला कापली जाई. एचटॉपने यादी चारी दिशांना फिरवता येईल अशी केली, तळाशी एफ-कळांची पट्टी दिली आणि प्रत्येक कोरची रंगीत पट्टी वर मांडली. २०२० मध्ये देखभाल नव्या चमूकडे गेली आणि त्याच वर्षी ३.० आवृत्ती आली. तेव्हापासून प्रकल्प जोमात आहे.

रोजच्या कामासाठी माझं मत एचटॉपलाच. एफ४ दाबून नावाचा तुकडा टाइप केला की यादी गाळली जाते. एफ५ने कुणी कुणाला जन्म दिला ते दिसतं. एखादी प्रोसेस अडली असेल तर तिच्यावर कर्सर ठेवून ‘एस’ दाबलं की तिचे सिस्टिम कॉल, म्हणजे तिने कर्नलकडे केलेल्या मागण्या, आणि ‘एल’ दाबलं की तिने उघडलेल्या फाइली दिसतात, फक्त त्यासाठी लागणारी एसट्रेस आणि एलसॉफ ही साधनं मशीनवर असायला हवीत.

एक गोष्ट मात्र हमखास चकवते. एचटॉप थ्रेडही, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागेही, वेगळ्या ओळींत दाखवतो. जावाचा एखादा प्रोग्रॅम तीस ओळींत दिसतो, प्रत्येक ओळीत तीच २ जीबी मेमरी, आणि बघणारा बेरीज करून ६० जीबीचा हिशोब मांडतो. मेमरी एकच आहे, तीस थ्रेड ती वाटून वापरतात. शिफ्ट-एच दाबलं की थ्रेड लपतात. शिवाय एफ९ आणि एंटर इतके जवळ आहेत की चुकीची प्रोसेस मारायला क्षण लागत नाही. नव्या सहकाऱ्याला महत्त्वाच्या सर्व्हरवर बसवायचं असेल तर एचटॉप ‘रीड-ओन्ली’ पर्याय देऊन चालू करून द्या.

बीटॉप: देखणा, स्वतःच्या मशीनसाठी

बीटॉपची वाटचाल बघण्यासारखी आहे. याकोब लिलियनबर्ग यांनी आधी बॅश भाषेत बॅशटॉप लिहिला, मग २०२० मध्येच पायथनमध्ये बीपायटॉप आणि २०२१ मध्ये सी प्लस प्लसमध्ये बीटॉप. स्क्रीन तशीच ठेवून इंजिन दोनदा बदललं, कारण वेग. मशीन किती व्यग्र आहे हे सांगणारं साधनच मशीनला कामाला लावत असेल तर ते बदलायलाच हवं, आणि त्यांनी ते मनापासून केलं. आज बीटॉप हलका आहे. सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क आणि प्रोसेस एकाच पडद्यावर आलेखांसह येतात, माऊसही चालतो.

अडचण येते ती टर्मिनलची. आलेख ब्रेल चिन्हांनी काढलेले असल्याने यूटीएफ-८ ही अक्षरपद्धत आणि बरा फॉन्ट लागतो. सिरियल कन्सोलवर किंवा अगदी साध्या रेस्क्यू मोडमध्ये हे चित्र विस्कटतं, आणि साधनाची सगळ्यात जास्त गरज अशाच वेळी पडते. लॅपटॉपवर जरूर लावा. सर्व्हरवर मी तो मुद्दाम बसवत नाही.

ग्लान्सेसही अनेकांना आवडतो. तो पायथनमध्ये आहे आणि ब्राउझरमधूनही बघता येतो. ती सोय वापरणार असाल तर पासवर्डशिवाय पोर्ट उघडं ठेवू नका.

एचटॉपला न दिसलेली प्रोसेस

एका सर्व्हरवर मी अर्धा दिवस एचटॉपकडे बघत बसलो होतो. कोरांच्या पट्ट्या जवळजवळ भरलेल्या, त्यातही लाल रंग जास्त, म्हणजे वेळ कर्नलच्या कामात जात होता. यादीत मात्र सगळ्यात वरची प्रोसेस जेमतेम ६ टक्क्यांची. दिसणाऱ्या सगळ्यांची बेरीज केली तरी २० च्या पुढे जाईना. उरलेला सीपीयू कोण खात होतं?

शेवटी एटॉप लावला आणि दहा सेकंदांत उत्तर समोर आलं. यादीत टोकदार कंसांत नावं होती: एसएच, ऑक, कट, पुन्हा ऑक. एटॉपमध्ये असा कंस म्हणजे ही प्रोसेस दोन वाचनांच्या मध्येच संपली. ‘पी’ दाबलं, म्हणजे एकाच नावाच्या प्रोसेसची बेरीज होते, तर ऑक थेट पहिल्या क्रमांकावर. तपासणीसाठी लिहिलेल्या एका शेल स्क्रिप्टमधून ‘स्लीप’ची ओळ उडाली होती. ती न थांबता फिरत होती आणि प्रत्येक फेरीत तीन नव्या कमांड सोडत होती. प्रत्येक कमांड सेकंदाच्या अगदी छोट्या हिश्शापुरती जगायची, त्यामुळे एचटॉपने यादी वाचली की ती बहुतेक वेळा तिथे नसायचीच.

एटॉपला ती दिसली, कारण तो प्रोकसोबत कर्नलचं प्रोसेस अकाउंटिंगही वापरतो. प्रत्येक प्रोसेस मरताना कर्नल तिची नोंद लिहितो आणि एटॉप ती उचलतो. हे साधन नेदरलँड्समधले खेरलोफ लांगेवेल्ड यांचं. तेव्हापासून माझ्या सर्व्हरवर एटॉप कायम चालू असतो.

नोंद ठेवणारे दोघे: सार आणि एटॉप

सार मूळचा सिस्टिम फाइव्ह युनिक्समधला. लिनक्सवरचा सार सिसस्टॅट या संचात येतो, तो सेबास्तियां गोदार यांनी लिहिला. ठरल्या वेळाने, सहसा दर १० मिनिटांनी, तो सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क यांचे आकडे त्या दिवसाच्या फाइलीत टाकतो. खर्च जवळपास शून्य, फाइली लहान, आणि जेसन किंवा आलेखाच्या रूपात त्या बाहेर काढता येतात. मागच्या महिन्याशी तुलना करायची किंवा डिस्क कधीपासून मंदावली हे शोधायचं, तर सारसारखा साथीदार नाही. पण सार प्रोसेसची नावं सांगत नाही. रात्री ३ वाजून १० मिनिटांनी डिस्कवर ताण आला एवढं तो सांगेल, कुणामुळे ते नाही.

ते एटॉप सांगतो. तोही दर १० मिनिटांनी नोंद करतो, पण सगळ्या प्रोसेससकट, आणि मूळ मांडणीत २८ दिवसांच्या फाइली ठेवतो. कालची फाइल उघडली की ‘टी’ दाबून पुढे, शिफ्ट-टी दाबून मागे जाता येतं, ‘बी’ दाबून थेट वेळ देता येते. जणू त्या रात्री तुम्हीच टॉप लावून बसला होता. सीपीयू, मेमरी, डिस्क यांपैकी कशाची मर्यादा गाठली गेली ते तो लाल रंगात दाखवतो. कर्नल ४.२० पासून मिळणारे प्रेशर स्टॉलचे आकडे, म्हणजे कामं किती वेळ नुसती अडकून पडली, तेही त्यात येतात. एचटॉपमध्येही ते मीटर लावता येतं. माझ्या मते लोड अ‍ॅव्हरेजपेक्षा हा आकडा कितीतरी जास्त कामाचा आहे.

एटॉपची किंमतही सांगायला हवी. प्रोसेस खूप असतील तर फाइली फुगतात. प्रत्येक प्रोसेसचं नेटवर्क बघायला नेटएटॉप वेगळं बसवावं लागतं. आणि तो सतत रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार घेऊन, चालतो, त्यामुळे अद्ययावत ठेवणं टाळू नका. मार्च २०२५ मध्ये त्यात एक सुरक्षा त्रुटी उघड झाली, ती २.११.१ आवृत्तीत दुरुस्त झाली. त्याहून जुनी असेल तर आजच बदला.

मग ठेवायचं काय?

दुसऱ्याचं मशीन असेल आणि काही बसवायची मुभा नसेल, तर टॉप नीट शिका, तो पुरतो. स्वतःच्या लॅपटॉपवर बीटॉप किंवा एचटॉप, जो डोळ्यांना बरा वाटेल तो. लोक ज्याच्यावर अवलंबून आहेत अशा सर्व्हरवर एटॉप पाठीमागे चालू आणि हाताशी एचटॉप, ही माझी जोडी. डिस्क तोकडी असेल तर एटॉपऐवजी सार. सर्व्हर डझनावारी असतील तर मध्यवर्ती निरीक्षण लागेलच, पण तिथेही प्रोसेसपर्यंत उतरायला मी एटॉपची फाइलच उघडतो.

कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला मशीनवर आखून दिलेल्या वेगळ्या कप्प्यात, यातलं काहीही चालवाल तेव्हा सावध. तिथे दिसणारी एकूण मेमरी सहसा यजमान मशीनची असते, कंटेनरला घातलेली मर्यादा तिच्यात दिसत नाही. यजमानावर जाऊन सिस्टिमडी-सीजीटॉप लावा, तो प्रत्येक गटाचा वापर वेगळा दाखवतो.

नोंद ठेवणारं साधन बसवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी कालची फाइल उघडून पाहा. डेबियन कुळातल्या बऱ्याच मशीनवर सिसस्टॅट बसतो, पण नोंद बंदच असते आणि ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. एटॉप असेल तर त्याच्या स्वतःच्या सेटिंगच्या फाइलीत १० मिनिटांचा अवधी ६० सेकंदांवर आणता येतो. डिस्कवर जागा असेल तर तो आणाच, कारण ३ वाजून १२ मिनिटांना आलेला दोन मिनिटांचा झटका १० मिनिटांच्या सरासरीत ओळखू येत नाही.