येवल्यातली 'थेट विणकराच्या घरची' पैठणी: आमचे 32,250 रुपये गेले, तुम्ही सांभाळा

येवल्याला पैठणी घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा. लग्नाचा बस्ता असेल आणि "एका दिवसात जाऊन येऊ, जमलं तर शिर्डीही करू" असा बेत असेल तर नक्कीच वाचा. आमचा बेतही हाच होता. मी, आमचे हे, सासूबाई, लग्न ठरलेली लेक आणि धाकटा मुलगा. सकाळी आधी मुक्तिभूमीवर गेलो. बाबासाहेबांनी 13 ऑक्टोबर 1935 रोजी धर्मांतराची घोषणा केली ती याच गावात, हे मुलाला दाखवायचं होतं. मग बाजारात शिरलो. अरुंद रस्ते, भांड्यांची दुकानं, सराफ, आणि जिकडे बघावं तिकडे पैठणीच्या पाट्या. दोन-तीन दुकानांत नुसती चौकशी केली, भाव विचारले आणि जेवायला एका खानावळीत बसलो. शेवभाजी, भाकरी, ठेचा. जेवण चांगलं होतं, त्याबद्दल काही तक्रार नाही.

जाळं पडलं ते खानावळीच्या दारात. पांढरा सदरा घातलेला, पन्नाशीचा, बोलायला अतिशय गोड माणूस. मुलाला म्हणाला, "तात्या टोपेंचं गाव आहे हे, माहितीये का बाळा?" सासूबाईंना वाकून नमस्कार केला. आणि मग म्हणाला, "मावशी, दुकानात घेऊ नका. दुकानदार मधलं कमिशन खातात. आमच्या शेजारी विणकर राहतो, माग घरातच आहे. बघा, पटलं तर घ्या, नाहीतर चहा पिऊन जा." कमिशनच्या नावाने खडे फोडणारा हा माणूसच कमिशनवर होता, हे आता वेगळं सांगायला नको. असे लोक शिर्डीच्या वाटेवर, कुठल्याही देवस्थानाच्या गावात असतात, तुम्हालाही भेटले असतील. पण हा रिक्षावाल्यांसारखा मागे लागला नाही. नाव सांगून, पत्ता सांगून बाजूला झाला. आम्हीच त्याला हाक मारली.

आता कोणी म्हणेल की एवढी शिकलेली माणसं, कळलं कसं नाही? तर ऐका. त्या घरात खरोखरच माग होता. खड्ड्यात पाय सोडून एक म्हातारे विणकर बसले होते, ताण्यावर मोराचा पदर अर्धा झाला होता, रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या काठाला लोंबत होत्या. ते एकेक कांडी उचलून रंगाला रंग अडकवत होते. हे सगळं आम्ही डोळ्यांनी पाहिलं. लेकीने व्हिडिओ काढला. आजोबा तिला म्हणाले, असा पदर भरायला महिनोन्‌महिने जातात. ते खोटं बोलत नव्हते. त्यांची कला खरी होती, माग खरा होता, रेशीम खरं होतं. फक्त त्या मागावरची साडी आम्हाला विकली जाणार नव्हती. विकायच्या साड्या होत्या आतल्या खोलीतल्या कपाटात, आणि आतल्या खोलीत 'लाईट गेली' होती. बाहेरच्या खोलीत मात्र पंखा फिरत होता.

आणि तो क्षण. मला रात्री झोप लागत नाही ती त्या क्षणामुळे. सासूबाईंनी पूर्वी खरी पैठणी नेसली आहे, त्यांना कापड कळतं. त्यांनी डाळिंबी साडीचा पदर हातात घेतला आणि उलटा करायला लागल्या. तेवढ्यात साड्या दाखवणाऱ्या पोराने झटकन पदर त्यांच्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि म्हणाला, "मावशी, पदर उलटा करत नाहीत, जर घासली जाते. गिऱ्हाईकाने हात लावलेला माल मग कोणी घेत नाही." इतक्या सहजपणे, इतक्या अदबीने. सासूबाईंना वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. त्यांनी हात मागे घेतला. माझ्या डोळ्यांसमोर घडलं हे सगळं. खऱ्या विणकराला पदर उलटा करून दाखवण्यात अभिमान असतो, कारण हातमागाच्या पैठणीची उलटी बाजू जवळजवळ सुलटीसारखीच दिसते. रंग रंगात गुंतवून विणलेला असतो, मागे धागे लोंबत नाहीत. यंत्रमागावर एक रंग संपला की धागा पाठीमागून पुढे पळतो, मग ते सुटे धागे कापतात किंवा त्यावर जाळी लावतात. उलटी बाजू दाखवायला जो नकार देतो तो चोर. एवढं एक लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

भावही असा लावला की संशय यावा कुठून? लेकीच्या डाळिंबी साडीचे, नारळी काठ आणि पदरावर मोर, 28,000 सांगितले आणि 21,500 ला दिली. सासूबाईंसाठी साधी मुनिया काठाची 11,000 वरून 8,800. ओढणी 1,950. एकूण 32,250. फार स्वस्त असती तर आम्ही उठून आलो असतो. दुकानांत सकाळी जे भाव ऐकले होते त्याच्यापेक्षा थोडेसेच कमी. मध्यस्थ नाही म्हटल्यावर इतका फरक पडणारच, असंच कोणीही धरून चाललं असतं.

बिल मागितलं. ह्यांनी मागितलं, मीही मागितलं. तर म्हणे पक्कं बिल केलं तर वर 5 टक्के जीएसटी द्यावा लागेल, विणकराच्या घरी कुठलं आलंय बिलबुक. मग एका कोऱ्या पावतीवर लिहून दिलं: 'साडी 2 नग, ओढणी 1 नग'. पैठणी हा शब्द नाही. रेशीम नाही. दुकानाचं नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही, सही म्हणजे नुसत्या रेघोट्या. 20,000 यूपीआयने दिले, तर मोबाईलवर नाव भलत्याच माणसाचं आलं. विचारलं तर "मेहुण्याचं खातं आहे". राहिलेले 12,250 रोख घेतले. सिल्क मार्क, म्हणजे शुद्ध रेशमाची प्रमाणित खूण, विचारला तेव्हा 'शुद्ध रेशीम' छापलेलं पुठ्ठ्याचं लेबल दाखवलं. खऱ्या सिल्क मार्कवर चकाकणारा होलोग्राम असतो आणि त्यावर प्रत्येक नगाचा वेगळा क्रमांक असतो. नुसता 'शुद्ध रेशीम' असा छापील कागद कोणीही कोपऱ्यावरच्या छापखान्यातून आणू शकतो.

घरी आल्यावर साड्या फॉल-बिडिंगला दिल्या. फॉल लावणाऱ्या ताईंनी पदर उलटा केला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. पाठीमागे बारीक जाळी चिकटवलेली, तिच्याखाली कापलेले धागे. त्यांनी पदराच्या दशीतला एक धागा काढून काडेपेटीने पेटवला. रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात भुरभुरते. इथे धागा वितळला, काळी कडक गोळी झाली आणि प्लास्टिकचा वास सुटला. त्या म्हणाल्या, "ताई, अशी साडी आमच्याकडे अडीच-तीन हजारांत खूप येते." लेक तिथेच रडायला लागली.

फोन केला. आधी म्हणे "हातात घेऊन बघितली ना तुम्ही". मग म्हणे "आम्ही पैठणी म्हटलंच नाही, पावती वाचा". व्हिडिओ आहे म्हटल्यावर 5,000 परत देतो, विषय संपवा असं सांगितलं. ह्यांनी नकार दिला. त्यानंतर नंबर ब्लॉक.

आता खरा मनस्ताप सांगते. पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या अंमलदाराने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "हद्द आमची नाही, घटना घडली तिकडे जा." तिकडे म्हणजे पुन्हा सगळा प्रवास, पुन्हा सुट्टी. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कोणाचीही असो. हे मी छापून नेलं होतं. तर कागद बाजूला सारून म्हणाले, "मॅडम, हा गुन्हा नाही, हा व्यवहार आहे. भाव तुम्ही कबूल केलात." खोटा माल खरा म्हणून विकला तर तो व्यवहार? पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ते नाव फक्त तिथल्या खऱ्या मालालाच लावायचं असं संरक्षण, मिळालं आहे. ते खोटं वापरलं तर मानांकनाच्या 1999 च्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड आहे. हे सांगितलं तर साहेबांना मानांकन हा शब्दच नवा होता. त्या गुन्ह्यात वॉरंटशिवाय झडती आणि जप्ती किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायची असते, त्यामुळे ठाण्यातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मग हा कायदा केला कोणासाठी? ज्या विणकरांसाठी केला त्यांच्या नावावर कपाटातलं पॉलिस्टर खपतंय आणि वर्दीतल्या माणसाला त्यात काही गैर दिसत नाही!

बँकेत गेले. "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो, टाकला. "मग आम्ही काय करणार." ते खातं कोणाचं, एवढं तरी सांगा म्हटलं, तर ते गोपनीय. फसवणाऱ्याची गोपनीयता जपायची आणि फसलेल्याला दारात उभं करायचं. हातमागाशी संबंधित एका सरकारी कार्यालयात फोन लावला तर एका टेबलावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. शेवटी एका बाईंनी सल्ला दिला, "पुढच्या वेळी ओळखीच्या दुकानातून घ्या." पगार कशाचा घेतात हे लोक? माझ्या लेकीचं लग्न काय पुढच्या वेळी परत होणार आहे?

म्हणून ज्यांना अजून खरेदी करायची आहे त्यांना सांगते. पक्कं बिल, त्यावर 'हातमाग पैठणी' आणि 'शुद्ध रेशीम' हे शब्द लिहून घ्या, 5 टक्के जीएसटी भरा, ते पैसे वाया जात नाहीत. लिहून द्यायला का-कू केली की उठा. साडी उन्हात न्या, अंगणात न्या, पदर उलटा करा, त्यांना राग आला तर येऊ द्या. खानावळीच्या, चहाच्या टपरीच्या, पार्किंगच्या दारात भेटलेल्या माणसाबरोबर कुठेही जाऊ नका, तो देवाचं नाव घेत असला तरी. यूपीआयवर नाव दुकानाचं नसेल तर पैसे पाठवायचे नाहीत, मेहुणा असो की मामा. हँडलूम मार्क आणि सिल्क मार्क दोन्ही मागा, हँडलूम मार्क विणकामासाठी, सिल्क मार्क धाग्यासाठी. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. आणि येवल्यात खरे विणकर आहेत, पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांच्याकडून जरूर घ्या. त्यांच्या पोटावर पाय देणारे हे लोक वेगळे आहेत.

आणि फसला असाल तर गप्प बसू नका. लोक हसतील म्हणून आम्हीही नातेवाइकांत काही बोललो नव्हतो, चोरांना तेच हवं असतं. 1915 वर ग्राहक हेल्पलाईन आहे, तिथे नोंद करा. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार द्यायला वकील लागत नाही आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तिकडे जावं लागत नाही. हे मला ना पोलिसांनी सांगितलं, ना बँकेने. मुदत दोन वर्षांची आहे.

आम्ही तक्रार दाखल केली आहे. साड्या, ती पावती, पुठ्ठ्याचं लेबल, यूपीआयचा स्क्रीनशॉट, लेकीने काढलेला मागाचा व्हिडिओ, जळलेल्या धाग्याची गोळीसुद्धा पाकिटात घालून दिली आहे. तुमच्याकडेही 'साडी 2 नग' लिहिलेली अशी कोरी पावती असेल तर ती फाडू नका, आजच फोटो काढून ठेवा आणि तक्रार करा. एकाच पद्धतीने फसलेली पाच-दहा घरं पुढे आली तर "हा व्यवहार आहे" म्हणणं त्या साहेबांनाही जड जाईल.