वंशावळीची वर्गणी, सात महिने: अकरा दिवसांनी डोकं खाल्लं

पूर्वज शोधून देणाऱ्या एका साइटची बंद केलेली वर्गणी परवा कार्डावरून परत कापली गेली, म्हणून हे लिहायला बसले. तीन फोन झाल्यावर निम्मे पैसे परत आले. साइटचं नाव घेत नाही.

आमची सून अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली. केंटकीत गोऱ्यांची वस्ती वसवणारा नामांकित वाटाड्या डॅनियल बून, त्याचे आपण वंशज, असं तिच्या माहेरी सगळे छातीठोकपणे सांगतात. नातवाला शाळेत फॅमिली ट्री करायचा होता. मी बँकेच्या ऑडिटमधून निवृत्त झालेली, लगेच पदर खोचला.

पहिला आठवडा मजेत गेला. एक क्लिक केलं की पणजोबा हजर. चार संध्याकाळींत थेट बूनपर्यंत पोचले आणि तिथे घोडं अडलं. साइटवर त्याच्या जन्मतारखा तीन: 22 ऑगस्ट, 22 ऑक्टोबर आणि 2 नोव्हेंबर, साल सगळीकडे 1734. तीन तारखांचे तीन डॅनियल बून, प्रत्येकाला वेगळा संसार!

उलगडा व्हायला दोन आठवडे लागले. बूनचे आईवडील पेनसिल्व्हेनियातले क्वेकर, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे. ही मंडळी महिन्यांची नावं न घेता आकडे लिहीत. तेव्हा इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणून मार्च पहिला आणि ऑक्टोबर आठवा. नोंद उतरवणाऱ्यानं आठवा म्हणजे ऑगस्ट धरला असणार. चैत्रापासून मोजलं तर आठवा कार्तिक येतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पुढे 1752 मध्ये ब्रिटननं वसाहतींसकट कॅलेंडर बदललं आणि 2 सप्टेंबरनंतर एकदम 14 सप्टेंबर उजाडला. त्यामुळे 22 ऑक्टोबर नव्या हिशेबानं 2 नोव्हेंबर होते. खुद्द बून मात्र आयुष्यभर 22 ऑक्टोबरच सांगत राहिला.

हे सगळं मी कस्टमर केअरला नऊ वेळा लिहून कळवलं. नऊही वेळा एकच उत्तर आलं: इतर सदस्यांच्या झाडांत आम्ही हात घालत नाही. ‘अकरा दिवसांनी कुणाचं काय बिघडतंय?’ असं आमचे हे म्हणाले. ह्यांनी कधी ताळेबंद जुळवलेला नाही.

इथवर लिहून एक तारा देणार होते. पण खरं सांगायचं तर साइटचा शोध तल्लख आहे. केंटकीची 1790 आणि 1800 ची जनगणना उरलेलीच नाही. 1840 पर्यंतच्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बायकामुलं म्हणजे नुसते आकडे. घरातल्या सगळ्यांची नावं यायला लागली 1850 पासून, तीही गुलाम नसलेल्यांचीच. मधली दरी भरायची तर करयाद्या आणि जमिनीचे खटले. खटल्यांना तोटा नाही, कारण तिथे एकाच जमिनीवर तिघातिघांचे दावे असायचे. बूनच्या हातूनही जमिनी अशाच गेल्या. आपली भाऊबंदकी बरी म्हणायची! तर सुनेच्या पूर्वजाचं नाव अशाच एका करयादीत याच साइटनं दहा मिनिटांत काढून दिलं. दोन तारे.

मग कळलं की तेच पान फॅमिलीसर्चवर फुकट आहे! मॉर्मन चर्चची साइट, वर्गणी शून्य. काही कागद फक्त त्यांच्या केंद्रात जाऊन बघावे लागतात, तेवढाच त्रास. सात महिन्यांच्या वर्गणीत माझं भारताचं निम्मं तिकीट निघालं असतं. परत दीड तारा.

तारखा ताडायची खोड लागलीच होती, म्हणून सुनेची अख्खी शाखा ओळीनं तपासली. साइटनं तिला बूनच्या थोरल्या मुलाला, जेम्सला, जोडलेलं. त्याला तीन मुलं, पहिल्याचा जन्म 1779. आणि जेम्स तर 1773 मध्ये, सोळाव्या वर्षी, केंटकीच्या वाटेवरच्या हल्ल्यात मारला गेला! मेल्यावर सहा वर्षांनी बाप झाला, आणि साइटला त्यात काही खटकलं नाही. डॅनियल अकरा भावंडांतला सहावा. चुलत्यापुतण्यांत तीच तीच नावं, आपल्यासारखीच. सुनेचा धागा त्यांतल्या कुणाकडे तरी जात असेल. डॅनियलकडे जाताना एकाही कागदावर दिसला नाही.

विहीणबाई दर 2 नोव्हेंबरला बूनच्या नावानं केक करतात. धागा तुटल्याचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. तारीख चुकतेय, एवढं मात्र फोन करून कळवलं.