डुकराचं लिव्हर: कत्तलखान्यातलं की फार्मवरचं?

मायक्रोसोम (लिव्हर वाटून वेगळे काढलेले, औषधं तोडणारी एन्झाइम्स असलेले पेशीतल्या पडद्यांचे तुकडे) करायची पद्धत तुमच्या हातात बसलेली आहे असं धरतो. अडतं ते लिव्हर कुठून आणायचं यावर. मी दोन्हीकडून आणून पाहिलं आहे.

कत्तलखान्याचं सोपं. पहाटे बर्फाचा डबा घेऊन जायचं, फार पैसे लागत नाहीत, आणि आपल्यासाठी वेगळं जनावर मारावं लागत नाही. फार्मचं म्हणजे परवानग्या, तारखा आणि वाट बघणं.

मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. एकाच सकाळी आणलेल्या तीन लिव्हरांत सीवायपी२ई१चे (औषधं तोडणाऱ्या सीवायपी गटातलं एक एन्झाइम) आकडे इतके लांब लांब आले, की आधी मी पिपेटवरच संशय घेतला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. व्यापाऱ्याला विचारलं, यांना खायला काय होतं? "साहेब, डुक्कर आहे, मिळेल ते खातं."

तिथेच सगळं आलं. एक हॉटेलच्या खरकट्यावर वाढलेलं, एक भरड्यावर, एखादं प्रवासात उपाशी. मोठ्या आतड्यातले जिवाणू ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्कॅटोल (शेणाला वास देणारं रसायन) करतात. उन्हाळ्यात स्वतःच्याच शेणात लोळणाऱ्या डुकराच्या अंगात ते बाहेरूनही शिरतं. डुकराच्या यकृतपेशींत हेच स्कॅटोल २ई१ वाढवतं, आणि खच्ची न केलेल्या नराच्या वृषणात बनणारं अँड्रोस्टेनोन हे स्टेरॉइड ती वाढ अडवतं. चिकोरीचं मूळ (हो, कॉफीतलीच चिकोरी) खाल्लेल्या नरांत त्याच गटातले १ए२ आणि २ए वाढलेले दिसले आहेत. बुरशी लागलेल्या मक्यातलं अफ्लाटॉक्सिन उलट यकृतालाच इजा करतं. यातलं काय काय माझ्या डब्यात होतं, देव जाणे.

दहा-बारा लिव्हरं एकत्र वाटून सरासरी काढता येते, नाही असं नाही. विद्यार्थ्यांना पद्धत शिकवायची किंवा एखादं औषध तुटतं की नाही एवढंच बघायचं, तर कत्तलखाना पुरे. फार्मची जनावरं उलट इतकी एकसारखी, की तिथला निष्कर्ष बाहेरच्या डुकरांना लागू पडेलच असं नाही. पण प्रश्नच जर खाद्याचा किंवा गोठ्याचा असेल, तर मी आपला फार्मकडे जाईन. मादी, नर, खच्ची, हेही तिथे आधी ठरवता येतं.

फक्त खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी मागून घ्या. एकदा मध्येच पोतं बदललं होतं, ते मला महिन्याने कळलं.