डबा निघाला, स्क्रीनला पत्ताच नाही: लोकल ब्रॉडकास्ट, इव्हेंटबस, लाइव्हडेटा की फ्लो?

अँड्रॉइड अ‍ॅपच्या एका भागाने दुसऱ्याला निरोप द्यायचे मार्ग पुष्कळ आहेत, आणि सगळं सुरळीत असताना कुठलाही चालतो. निवड करायची ती ऐकणारा जागेवर नसताना निरोपाचं काय होतं, हे बघून.

उदाहरण धरू: इंदूरला रामबागेतल्या एका काकूंची मेस, भंवरकुआँच्या कोचिंगमधल्या मुलांना डबे, आणि त्या कामाचं छोटं अ‍ॅप. मागे चालणारी सर्व्हिस सर्व्हरवरून ‘डबा निघाला’ ही खबर आणते, यादीच्या स्क्रीनने ती दाखवायची. काकूंचा फोन येतो, “अहो, पोरगा डबे घेऊन केव्हाच गेला, इथे अजून ‘तयार होतोय’च दिसतंय!”

जुन्या कोडमध्ये बहुधा लोकलब्रॉडकास्टमॅनेजर (अ‍ॅपच्या आतल्या आत निरोप फिरवणारा) सापडेल. तो आता डेप्रिकेटेड म्हणजे बाद ठरवलेला आहे, नव्या कामात घेऊ नये; चालता असेल तर उपटायची घाईही नको. त्यातली नेहमीची गडबड म्हणजे रिसीव्हर (निरोप ऐकणारा) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपची ओळख सिस्टिमला देणाऱ्या फाइलमध्ये, लिहिलेला असतो किंवा निरोप सिस्टिममार्फत जाणाऱ्या साध्या सेंडब्रॉडकास्टने पाठवलेला असतो. दोन्ही वेळा गाठ पडत नाही आणि तक्रारही कोणी करत नाही. साध्या ब्रॉडकास्टवर जाल तर अँड्रॉइड १४ ला टार्गेट करताना कोडमधून नोंदवलेला रिसीव्हर बाहेरच्या अ‍ॅप्सना खुला आहे की नाही, हे फ्लॅगने सांगावंच लागतं. नाही सांगितलं तर सिक्युरिटी एक्सेप्शन. क्रॅश होतो ते बरंच, निदान कळतं तरी.

इव्हेंटबस, म्हणजे सगळ्या अ‍ॅपला निरोपांची एकच वाहिनी देणारी लायब्ररी, लिहायला सगळ्यात सोपा, म्हणूनच मला त्याची धास्ती. कोण पाठवतं आणि कोण ऐकतं याचा धागा कोडमध्ये दिसत नाही. इव्हेंटच्या क्लासवर ‘फाइंड युसेजेस’ करत बसावं लागतं. ऑनस्टॉपमध्ये (स्क्रीन नजरेआड जाताना) अनरजिस्टर केलेली स्क्रीन मागे गेली की निरोप वाया, लॉगमध्ये फार तर ‘नो सबस्क्रायबर्स’ अशी एक ओळ. त्यावर उपाय म्हणून पोस्टस्टिकी (शेवटचा निरोप धरून ठेवणारं) वापरलं की उलटा त्रास: कालचा ‘डबा निघाला’ आज स्क्रीन उघडल्यावर पुन्हा येतो, कारण वाचून झाल्यावर तो कोणी काढलेलाच नसतो.

लाइव्हडेटा नव्या ऑब्झर्व्हरला (ऐकणाऱ्याला) शेवटची किंमत, म्हणजे व्हॅल्यू, आपणहून देतो. यादीसाठी हे उत्तम, स्नॅकबारसाठी (तळाशी क्षणभर दिसणारी पट्टी) वाईट: फोन आडवा केला की तोच संदेश पुन्हा. पोस्टव्हॅल्यू लागोपाठ केलं तर मधल्या किमती गळतात आणि शेवटचीच पोचते. प्रत्येक डब्याची खबर वेगळी पाठवत असाल तर इथेच तपासा.

फ्लो म्हणजे कॉटलिनमधला किमतींचा प्रवाह; त्यातल्या शेअर्डफ्लोचा रिप्ले, म्हणजे नव्या ऐकणाऱ्याला परत ऐकवायच्या जुन्या निरोपांची संख्या, मुळात शून्य असतो. स्टेशनवरच्या घोषणेसारखं, तेव्हा फलाटावर नव्हता तर गेलं. रिपीटऑनलाइफसायकलने, म्हणजे स्क्रीन समोर असेतोवरच, गोळा करणं योग्यच, पण स्क्रीन मागे असताना आलेला निरोप त्यात सुटतो. शिवाय बफर (निरोप साठवायची जागा) न देता ट्रायएमिट (न थांबता पाठवणं) वापरलं आणि कोणी ऐकत असलं तर ते फॉल्स परत देतं, म्हणजे निरोप गेलाच नाही. ती किंमत फारसं कोणी बघत नाही. स्टेटफ्लो शेवटची किंमत जपतो, पण आधीच्याशी समान असलेली किंमत पुढे पाठवत नाही. तीच यादी जागेवर बदलून पुन्हा दिलीत तर त्याच्या लेखी काही घडलेलंच नाही.

एका फ्रॅगमेंटहून (स्क्रीनच्या एका भागाहून) दुसऱ्याकडे एखादं उत्तर द्यायचं असेल तर फ्रॅगमेंट रिझल्ट एपीआय पुरे. दोन्हीकडे फ्रॅगमेंटमॅनेजर मात्र एकच हवा, पॅरेंट आणि चाइल्डची गल्लत नको.

ठरवण्याआधी लॉग टाका: पाठवताना, ऐकायला बसताना आणि मिळाल्यावर. प्रत्येक ओळीत थ्रेडचं नाव आणि व्ह्यूमॉडेलचा (स्क्रीनची माहिती सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टचा) आयडेंटिटी हॅशकोड, म्हणजे तो ऑब्जेक्ट ओळखायचा आकडा. दोन स्क्रीनवर दोन वेगळे आकडे आले तर दोष मार्गाचा नाहीच: एकीने व्ह्यूमॉडेल्स लिहिलंय, दुसरीने अ‍ॅक्टिव्हिटीव्ह्यूमॉडेल्स, म्हणून दोघींचे व्ह्यूमॉडेल वेगळे. निरोपाचा मार्ग बदलून हे सुटणार नाही. सर्व्हिसला मॅनिफेस्टमध्ये वेगळा प्रोसेस दिलेला असेल तर इव्हेंटबस, लाइव्हडेटा, फ्लो यांपैकी काहीच पलीकडे जात नाही. तिथे मेसेंजर किंवा एआयडीएल, हे दोन प्रोसेसमधल्या निरोपांचे मार्ग.

माझा कौल विचाराल तर ‘डबा निघाला’ हा निरोप म्हणून पाठवूच नका. ती डब्याची स्थिती आहे. सर्व्हिसने ती रूममध्ये (अ‍ॅपच्या डेटाबेसची लायब्ररी) लिहावी, स्क्रीनने रूमचा फ्लो बघावा. स्क्रीन मागे असो की बंद, उघडल्यावर खरं तेच दिसेल. सगळा कोड जावात असेल तर फ्लोच्या जागी लाइव्हडेटा, रूम तोही देतो. एकदाच दाखवायच्या सूचनांसाठी चॅनेल (निरोपांची रांग, प्रत्येक निरोप एकालाच) घ्या, पण ऐकणारा एकच ठेवा. दोघे बसले तर निरोप दोघांत वाटले जातात आणि काकूंचा फोन पुन्हा येतो.